आतड्याचे संप्रेरक, थायरॉइडच्या पेशी आणि कॅल्शियम: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टिर्झेपाटाइड) आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) ही औषधे भारतात विक्रीला आली आणि मधुमेहावरच्या व वजन घटवण्याच्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी होऊ लागली. त्या चर्चेबरोबर एक लांबलचक संदेशही कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. मला तो आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी दाखवला. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रोज सकाळी थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे आणि चार महिन्यांपासून आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन आहे. संदेश वाचल्यावर त्यांनी लागोपाठ तीन आठवडे इंजेक्शन घेतले नाही, डॉक्टरांना कळवले नाही, आणि १२० च्या आसपास आलेली उपाशीपोटीची साखर पुन्हा १९० च्या पुढे गेली. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि हा सारा विषय माझ्या रोजच्या शिकवण्यातला आहे. त्यामुळे त्या संदेशातील प्रत्येक विधान तपासून त्याला लेखी उत्तर देणे मला आवश्यक वाटले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. ही इंजेक्शने म्हणजे आतड्याचे एक हार्मोन असून ते थायरॉइडच्या पेशींत कॅल्शियम भरते व त्यामुळे पेशी बिघडून कर्करोग होतो. उंदरांमध्ये हे सिद्ध झाले आहे, म्हणून अमेरिकेत खोक्यावर काळ्या चौकटीत इशारा छापतात, पण आपल्याकडे तो लपवला जातो. फ्रान्समधील अभ्यासात थायरॉइडचा कर्करोग ५८ टक्के लोकांना झाला. हे हार्मोन हाडांतले कॅल्शियम ओढून हाडे पोकळ करते. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी हे इंजेक्शन कधीच घेऊ नये, आणि घेत असणाऱ्यांनी ते आजच थांबवून गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी.

यातील काही शब्द खरे आहेत, आणि म्हणूनच संदेश पटतो. आतड्याचे संप्रेरक खरे, थायरॉइडमधील पेशी खऱ्या, कॅल्शियमही खरे. चूक आहे ती या तिघांच्या जोडणीत.

पहिले विधान पेशींत कॅल्शियम "भरण्याचे" आहे. संदेश ज्याला आतड्याचे हार्मोन म्हणतो ते जीएलपी-१ हे संप्रेरक मुख्यतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील आणि मोठ्या आतड्यातील एल-पेशींमधून जेवणानंतर रक्तात येते, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला तृप्तीची जाणीव देते. आपले स्वतःचे जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते. सेमाग्लुटाइड हे त्याचेच असे बदललेले रूप आहे की ते सुमारे आठवडाभर टिकते. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ च्याच ग्राहकावर, म्हणजे पेशीवरील ज्या रेणूला संप्रेरक चिकटते त्यावर, आणि शिवाय जीआयपी या दुसऱ्या आतड्याच्या संप्रेरकाच्या ग्राहकावर काम करते.

आता थायरॉइडकडे. या ग्रंथीत दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या पेशी असतात आणि संदेशाने त्या दोन्ही एकच मानल्या आहेत. वर्गात मी कॅल्सिटोनिन या संप्रेरकाला तपकिरी रंग देणारी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते, तेव्हा माणसाच्या थायरॉइडमध्ये सगळीकडे गोल पुटिका दिसतात, त्यांच्या पोटात गुलाबी द्रव असतो आणि त्या पुटिकांच्या भिंती ज्या पेशींच्या असतात त्याच टी-३ आणि टी-४ (म्हणजे थायरॉक्सिन) तयार करतात. तपकिरी ठिपके शोधावे लागतात. ते पुटिकांच्या कडेला एकेकटे किंवा दोन-चारच्या घोळक्याने बसलेले असतात. या सी-पेशी होत. त्या थायरॉक्सिन बनवत नाहीत, त्या कॅल्सिटोनिन बनवतात, आणि ग्रंथीतील पेशींमध्ये त्यांचा वाटा हजारांत एखाद्याइतका असतो. उंदराची काच ठेवली की मुलांना शोधावे लागत नाही, कारण ग्रंथीच्या मध्यभागी तपकिरी पेशींची गर्दी असते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

पेशीतील कॅल्शियमचा संकेत म्हणजे साचणे नव्हे. पेशीच्या बाहेर मुक्त कॅल्शियमचे प्रमाण आत असते त्याच्या सुमारे दहा हजार पट असते, आणि पेशी हा फरक पंप चालवून टिकवून ठेवते. पेशीला संकेत मिळाला की वाहिन्या क्षणभर उघडतात किंवा पेशीतील साठ्यातून कॅल्शियम सुटते, आतले प्रमाण वाढते, काम होते आणि पंप ते पुन्हा खाली आणतात. हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूची प्रत्येक हालचाल, इन्सुलिनचा प्रत्येक थेंब याच रीतीने घडतो. सी-पेशीचे तर कामच हे आहे: रक्तातील कॅल्शियम वाढले की तिच्या पृष्ठभागावरील कॅल्शियम-ग्राहकाला ते कळते, पेशीच्या पटलावरील विद्युतदाब बदलतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, आत कॅल्शियम चढते आणि कॅल्सिटोनिनने भरलेल्या कणिका बाहेर रित्या होतात. पुटिकांच्या पेशींतही कॅल्शियमची अशी चढउतार लागते, कारण थायरॉक्सिन बनवण्यासाठी लागणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करणारे विकर (एन्झाइम) कॅल्शियमवर चालते. ज्या क्रियेला संदेश बिघाड म्हणतो तिच्याशिवाय थायरॉइडला थायरॉक्सिनच बनवता येणार नाही.

पचनमार्गातील संप्रेरक सी-पेशीपर्यंत पोहोचते, हे मात्र बरोबर आहे, आणि त्याचा सर्वांत जुना, माणसांत पाहिलेला दाखला जीएलपी-१ चा नाही. तो गॅस्ट्रिनचा आहे. जठराच्या तळाशी तयार होणारे गॅस्ट्रिन सी-पेशीवरील आपल्या ग्राहकाला चिकटले की पेशीतील साठ्यातून कॅल्शियम सुटते आणि कॅल्सिटोनिन बाहेर पडते. गॅस्ट्रिनच्या टोकाचा तुकडा घेऊन बनवलेले पेंटागॅस्ट्रिन शिरेतून द्यायचे आणि दोन व पाच मिनिटांनी रक्त घेऊन कॅल्सिटोनिन मोजायचे, ही तपासणी सी-पेशींचा कर्करोग ओळखण्यासाठी अनेक दशके वापरली गेली. तिचा सारा अर्थ याच गोष्टीवर उभा होता की निरोगी माणसात कॅल्सिटोनिन थोडेसेच वाढते आणि रोग असेल तर ते उसळते. म्हणजे पचनमार्गाकडून आलेला संकेत, सी-पेशीत चढलेले कॅल्शियम आणि सुटलेले कॅल्सिटोनिन ही साखळी कर्करोगाचे कारण नाही. आधीच असलेल्या कर्करोगाचा तिच्यामुळे शोध लागत असे.

जीएलपी-१ चा मार्ग थोडा वेगळा आहे. त्याचा ग्राहक पेशीत सीएएमपी नावाचा निरोप्या वाढवतो. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत या निरोप्यामुळे कॅल्शियमचा संकेत बळावतो आणि इन्सुलिन जास्त सुटते, हे फार तपशिलाने दाखवले गेले आहे. उंदराच्या सी-पेशींत जीएलपी-१ मुळे सीएएमपी वाढून कॅल्सिटोनिन सुटते, हे १९९० च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते. येथवर संदेशाच्या पायाशी काही तथ्य आहे. "म्हणून कर्करोग" ही पुढची उडी त्या तथ्यातून निघत नाही.

दुसरे विधान उंदरांचे. येथे मी औषधाच्या बाजूच्या लोकांनाही दुरुस्त करू इच्छिते. "उंदरांना अवाढव्य मात्रा दिल्या होत्या" असे उत्तर सर्रास दिले जाते आणि ते अपुरे आहे. लिराग्लुटाइड हे याच गटातील आधीचे औषध दोन वर्षे दिलेल्या लहान (माऊस) आणि मोठ्या (रॅट) अशा दोन्ही जातींच्या उंदरांत सी-पेशींच्या गाठी वाढल्या, आणि मोठ्या उंदरांत तर माणसाला मिळते तितक्याच्या जवळपास पातळीवरही त्या दिसल्या. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि ती लपवलीही गेलेली नाही. खरे उत्तर मात्रेत नसून प्राण्यात आहे. उंदराच्या सी-पेशींवर जीएलपी-१ चे ग्राहक भरपूर असतात, त्यांच्यात कॅल्सिटोनिन आधी वाढते, मग पेशींची संख्या वाढते आणि मग गाठी होतात. ज्या उंदरांतून हा ग्राहकच काढून टाकला होता त्यांच्यात पेशींची ही वाढ झाली नाही. शिवाय म्हाताऱ्या उंदरांना कोणतेही औषध न देता अशा गाठी होतातच. माकडांना मात्र वीस महिने, माणसाच्या साठ पटींहून अधिक पातळी राखून, लिराग्लुटाइड दिले, तेव्हा सी-पेशी वाढल्या नाहीत. माणसांत पाच हजारांहून अधिक जणांचे कॅल्सिटोनिन दोन वर्षांपर्यंत पुनःपुन्हा मोजले गेले आणि ते सामान्य मर्यादेच्या खालच्या टोकाशीच राहिले. नंतर ९,३४० मधुमेही रुग्णांच्या लीडर चाचणीतही ते लिराग्लुटाइडमुळे वाढले नाही. उंदरात गाठीच्या आधी येणारी पहिली पायरीच माणसात आढळत नसेल, तर दुसऱ्या पायरीविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे.

अशी उदाहरणे औषधशास्त्रात आधीही घडली आहेत. ॲसिडिटीवरील ओमेप्राझोलने १९८० च्या दशकात उंदरांच्या जठरात गाठी झाल्या होत्या, त्याही गॅस्ट्रिन वाढल्यामुळेच, आणि त्यावरून मोठी खळबळ उडाली होती. पुढे कोट्यवधी माणसांनी ते औषध घेतले आणि उंदरांतले ते चित्र माणसांत उमटले नाही. यावरून जीएलपी-१ निर्दोष ठरते असे मी म्हणत नाही. उंदराच्या ग्रंथीवरून माणसाचे भाकीत थेट करता येत नाही, एवढेच त्यातून दिसते.

काळ्या चौकटीबद्दल. ती चौकट खरी आहे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेने लिराग्लुटाइडला मान्यता दिली तेव्हापासून ती आहे, आणि सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइडलाही आहे. पण ती वाचायला हवी. वहिनींच्या खोक्यात घडी घातलेला कागद होता, बारीक अक्षरांचा, उलगडला तर जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग व्यापेल एवढा. तो आम्ही दोघींनी भिंग घेऊन वाचला. सी-पेशींच्या गाठींचा उल्लेख त्यात होता. म्हणजे इशारा लपवलेला नव्हता, तो फक्त कोणी उलगडलेला नव्हता. अमेरिकेच्या चौकटीत लिहिलेले आहे ते असे: उंदरांत अशा गाठी होतात, माणसांत होतात की नाही हे ठरलेले नाही, आणि ज्यांना स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला आहे, किंवा ज्यांना एमईएन-२ हा आनुवंशिक विकार आहे, त्यांनी हे औषध घेऊ नये.

ही शेवटची सूचना मी जशीच्या तशी मानते आणि सगळ्यांनी मानावी असे आग्रहाने सांगते. मेड्युलरी कर्करोग हा सी-पेशींचाच कर्करोग आहे. थायरॉइडच्या एकूण कर्करोगांत तो काही टक्केच असतो, पण त्यातील सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तो रेट या जनुकातील बदलामुळे घराण्यात चालत येतो. अशा घरात कोणाच्या सी-पेशी आधीच वाढलेल्या असू शकतात आणि त्यांना आणखी चालना देणारे औषध टाळणे हेच शहाणपण आहे. म्हणून इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी "घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग झाला होता का, आणि कोणत्या प्रकारचा" हे विचारलेच पाहिजे. नुसते "थायरॉइड आहे का" एवढे विचारून हा प्रश्न सुटत नाही.

तिसरे विधान फ्रान्सचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींतून थायरॉइडच्या कर्करोगाचे २,५६२ रुग्ण आणि तुलनेसाठी ४५,१८४ जण घेतले आणि एक ते तीन वर्षे ही औषधे वापरलेल्यांत धोका १.५८ पट आढळला. ५८ टक्के लोकांना कर्करोग झाला, असा याचा अर्थ मुळीच नाही. मूळ धोका जितका होता त्याच्या ५८ टक्के अधिक, एवढाच तो आहे, आणि मूळ धोका दहा हजार माणसांमागे वर्षाला एक-दोन इतका लहान असतो. दुसरे असे की विम्याच्या नोंदींत वजन नीट लिहिलेले नसते, आणि लठ्ठपणाचा थायरॉइडच्या कर्करोगाशी स्वतंत्र संबंध आहे.

त्याच प्रश्नावर डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या नोंदींतून २०२४ मध्ये दुसरा मोठा अभ्यास आला. जीएलपी-१ औषध सुरू केलेले १,४५,४१० जण आणि मधुमेहाचेच दुसरे औषध सुरू केलेले २,९१,६६७ जण यांची तुलना झाली; पहिल्या गटाचा मागोवा सरासरी ३.९ वर्षे घेतला गेला. दहा हजार माणसांमागे वर्षाला पहिल्या गटात १.३३ आणि दुसऱ्या गटात १.४६ जणांना थायरॉइडचा कर्करोग झाला. धोक्याचे गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गटांत सारखाच धोका) ०.९३ होते आणि त्याची मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता आहे तो पल्ला, ०.६६ ते १.३१ होती. या वरच्या मर्यादेचा अर्थ मी लपवणार नाही: ३१ टक्क्यांपर्यंतची वाढ या अभ्यासाने पूर्णपणे नाकारता येत नाही. ती वाढ खरी असली, तरी दहा हजार माणसांमागे वर्षाला अर्ध्या रुग्णाइतकीही होत नाही. युरोपच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये, फ्रान्सचा अभ्यास समोर ठेवूनच, उपलब्ध पुराव्यातून कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही असा निष्कर्ष दिला होता. कर्करोग वाढायला वर्षे लागतात, म्हणून दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी पाहत राहणे आवश्यक आहे, आणि सी-पेशींच्या कर्करोगाचे रुग्ण इतके थोडे असतात की त्याविषयी कोणत्याही एका अभ्यासावरून छातीठोकपणे बोलता येत नाही.

चौथे विधान हाडांचे आहे, आणि ते तर सरळ उलटे आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातील हॅरॉल्ड कॉप यांनी कॅल्सिटोनिन शोधले ते रक्तातील कॅल्शियम खाली आणणारे संप्रेरक म्हणून. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते रोखते. सामन माशाचे कॅल्सिटोनिन हाडांच्या ठिसूळपणावर औषध म्हणून वापरले गेले आहे. माणसात त्याचे काम दुय्यमच आहे, कारण थायरॉइड पूर्ण काढलेल्यांना थायरॉक्सिनची गोळी लागते, कॅल्सिटोनिन कोणी देत नाही आणि त्याच्या अभावाने त्यांचे काही अडत नाही. झपाट्याने वजन घटताना हाडांची व स्नायूंची काळजी घ्यावी लागते हा वेगळा, खरा मुद्दा आहे. त्यासाठी आहारात प्रथिने हवीत आणि वजन उचलण्याचा व्यायाम हवा. थायरॉइडचा त्याच्याशी संबंध नाही.

सोनोग्राफीच्या सल्ल्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो निरुपद्रवी दिसतो. दक्षिण कोरियात तपासणी-शिबिरांत गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाच्या नोंदी पंधरा पटींनी वाढल्या. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी आयुष्यात कधी त्रास दिला नसता, त्या शोधून हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि त्यांच्या वाट्याला जन्मभराची गोळी आली. नवे इंजेक्शन सुरू झाले की डॉक्टरांच्या फेऱ्या वाढतात, गळ्याकडे लक्ष जाते, सोनोग्राफी होते आणि जुनी गाठ नव्याने सापडते. काही अभ्यासांत औषध सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षात निदाने वाढलेली दिसतात ती बहुधा यामुळे. एका वर्षात नवा कर्करोग उभा राहून हाताला लागणे जीवशास्त्राला धरून नाही. गळ्यात गाठ हाताला लागत असेल, आवाज बसलेला राहत असेल किंवा गिळताना अडत असेल, तर तपासणी अवश्य करावी. भीतीपोटी सर्वांनी रांग लावू नये.

राहिले थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांचे. त्यांचा आजार पुटिकांच्या पेशींचा असतो, बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने त्या पेशींवर केलेल्या हल्ल्याचा, आणि उंदरांत गाठी झाल्या त्या सी-पेशींशी त्याचा संबंध नाही. चौकटीतील मनाईत हायपोथायरॉइडिझमचे, म्हणजे थायरॉइड कमी काम करण्याचे, नाव नाही. पण येथे एक गोष्ट जपण्याची आहे आणि संदेशात तिचा पत्ताही नाही. वजन बरेच कमी झाले की थायरॉक्सिनची गरजही कमी होऊ शकते. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात घेतल्यास थायरॉक्सिनचे शोषण सुमारे ३३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे. शिवाय दोन्ही गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असतात, त्यामुळे त्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी लागते. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी न करता जुनीच मात्रा चालू ठेवली, तर छातीत धडधड, हाताला कंप आणि झोप न लागणे असा त्रास होऊ शकतो, आणि तो इंजेक्शनाचा दोष समजला जातो.

वहिनींच्या घरात कोणालाही थायरॉइडचा कर्करोग झालेला नव्हता. त्यांच्या आईला होते ते गलगंड, आणि शस्त्रक्रियेनंतरचा जुना अहवाल कपाटात सापडला तेव्हा त्यात साधी, निरुपद्रवी गाठ लिहिलेली होती. तो अहवाल आणि साखरेची वही घेऊन त्या आपल्या डॉक्टरांकडे गेल्या. तीन आठवड्यांचा खंड पडल्यामुळे डॉक्टरांनी इंजेक्शन खालच्या मात्रेपासून पुन्हा सुरू केले, टीएसएच करून घेतले आणि सहा आठवड्यांनी ते परत तपासायला सांगितले.